आईला वगळून बाळाचे रक्षण होत नाही

अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ रोजी एका आदेशावर सही केली आणि त्या देशाकडून परराष्ट्रांना मिळणारी विकासमदत नव्वद दिवसांकरिता गोठविली गेली. आफ्रिकेतील अनेक देशांत २००३ सालानंतर एचआयव्हीबाधितांच्या तपासणीचा व औषधोपचाराचा मोठा भार ज्या अमेरिकी निधीवर उभा राहिला होता, त्यालाही या आदेशाचा तडाखा बसला. मातेकडून बालकाकडे होणारा संसर्ग रोखण्याच्या कामाला पुढे काही दिवसांनी सवलत जाहीर झाली. परंतु समुपदेशकांची व परिचारिकांची वेतने अडकलेली, दवाखान्यांना कुलुपे लागलेली, अशा स्थितीत ती सवलत अनेक ठिकाणी कागदावरच राहिली. राज्यकर्त्यांच्या हिशेबात नव्वद दिवस ही फेरविचाराची अल्पशी मुदत असते. गर्भवती स्त्रीच्या हिशेबात ते एक तृतीयांश गर्भारपण असते. या काळात खंडित झालेले औषध पुढे पुन्हा सुरू करता येते. पण गर्भाचे गेलेले दिवस परत आणता येत नाहीत.

या घटनेचा निषेध करून थांबणे सोपे आहे. परंतु मातेच्या शरीरातील एचआयव्हीचा गर्भावर नेमका कोणता परिणाम होतो, आणि त्या परिणामावर मात करण्याचे ज्ञान हाती आल्यानंतरही ते गरीब मातांपर्यंत पोहोचण्यास इतकी वर्षे का लागली, हे दोन्ही प्रश्न एकत्र पाहिल्याशिवाय या विषयाचे राजकीय मर्म ध्यानात येणार नाही.

माता आणि गर्भ यांचे रक्त परस्परांत मिसळत नाही. दोघांमध्ये वार असते. तिच्या पृष्ठभागावरील पेशींचा अखंड थर प्राणवायू व पोषणद्रव्ये आत सोडतो आणि विषाणूला बहुतांशी बाहेरच अडवितो. म्हणूनच काहीही उपचार मिळाले नाहीत तरी एचआयव्हीबाधित मातांच्या निम्म्याहून अधिक बालकांना संसर्ग होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार उपचारांच्या अभावी हे प्रमाण एकूण १५ ते ४५ टक्के असते. शंभर बालकांपैकी पाच ते दहा बालकांना गर्भाशयातच, दहा ते वीस बालकांना प्रसूतीच्या वेळी आणि दीर्घकाळ स्तनपान चालू राहिल्यास आणखी पाच ते वीस बालकांना संसर्ग होतो. मातेच्या रक्तात विषाणू जितके अधिक, तितका धोका अधिक. गर्भवेष्टनाचा दाह, उपदंशासारखा दुसरा संसर्ग, पाणमोट फुटल्यानंतर प्रसूतीला चार तासांहून अधिक झालेला विलंब, यांनीही तो वाढतो. यांपैकी बहुतेक गोष्टी वेळेवर मिळालेल्या प्रसूतिपूर्व सेवेने टळू शकतात, याची नोंद प्रथमच घेतली पाहिजे.

परंतु संसर्ग झाला की नाही, एवढ्या एका प्रश्नात हा विषय संपत नाही. उपचार न मिळालेल्या बाधित मातांमध्ये गर्भपात, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे मूल व मृतजन्म यांचे प्रमाण जास्त आढळते. मातेला क्षयाची बाधा होण्याचा धोका वाढतो, रक्तक्षय बळावतो. विषाणूशी चाललेल्या अखंड झुंजीमुळे मातेच्या शरीरात दाहाची स्थिती कायम राहते आणि गर्भ त्याच वातावरणात वाढत असतो. वारेने विषाणू अडविला, तरी त्या दाहाचे रासायनिक पडसाद गर्भापर्यंत पोहोचतात.

गर्भाची प्रतिकारसंस्था ही मोठी नाजूक रचना आहे. गर्भधारणेच्या तिसऱ्या-चौथ्या महिन्यात थायमस ग्रंथीत टी-पेशी घडू लागतात. गर्भाच्या शरीरात मातेच्या काही पेशी शिरत असतात. त्यांना शत्रू मानून त्यांच्यावर तुटून पडू नये, यासाठी गर्भाची प्रतिकारसंस्था प्रथम सहनशीलतेचा धडा घेते आणि तिला आवर घालणाऱ्या पेशी तेथे मुबलक असतात. लढाऊ वृत्ती नंतर, जगाशी संपर्क आल्यावर विकसित होते. एचआयव्हीबाधित मातेच्या उदरात हा क्रम काहीसा विस्कटतो. संसर्ग न झालेल्या अशा नवजात बालकांच्या नाळेतील रक्ताची तपासणी केली असता, ज्यांचा अद्याप कोणत्याही जंतूशी सामना झालेला नाही अशा कोऱ्या टी-पेशींचे प्रमाण घटलेले आणि आधीच उत्तेजित झालेल्या पेशींचे प्रमाण वाढलेले अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. काही बालकांच्या पेशी तर एचआयव्हीच्या घटकांना ओळखून प्रतिसाद देतात. म्हणजे विषाणूने तेथे ठाण मांडले नाही, पण त्याची चाहूल गर्भाला लागली होती.

दुसरा परिणाम प्रतिपिंडांचा आहे. नवजात बालक पहिले काही महिने मातेकडून मिळालेल्या शिदोरीवर जगते. मातेने आयुष्यभरात ज्या रोगांशी सामना केला, त्यांविरुद्धची प्रतिपिंडे वारेतून गर्भाकडे जातात. हे काम मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत होते. बाधित मातेच्या बाबतीत ही शिदोरी अपुरी पडते. मातेच्या रक्तातच उपयुक्त प्रतिपिंडे कमी असतात, वारेतून त्यांचे वहन मंदावते, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले तर शिदोरी बांधून होण्यापूर्वीच प्रवास सुरू होतो. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा या श्रमिकवस्तीत झालेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बाधित मातांच्या संसर्गमुक्त बालकांत जन्मतः डांग्या खोकला, धनुर्वात, न्यूमोनियास कारण होणारे जंतू यांविरुद्धची प्रतिपिंडे इतर बालकांपेक्षा कमी आढळली. मात्र नेहमीच्या लसी दिल्यानंतर याच बालकांनी उत्तम प्रतिसाद दिला. या निष्कर्षाचा अर्थ फार मोलाचा आहे. या बालकांची प्रतिकारशक्ती निकामी झालेली नसते. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे ती उघडी पडलेली असते. त्या आठवड्यांत लस वेळेवर मिळाली तर ती सावरते. लसीकरणाला दोन महिने उशीर झाला तर इतर मुलांना जे निभावून नेता येते, ते या मुलांना कदाचित निभावत नाही.

आज जगात मातेला एचआयव्ही असूनही स्वतः संसर्गमुक्त राहिलेल्या बालकांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आहे. ही वैद्यकशास्त्राची आणि जनआंदोलनांची मोठीच कमाई होय. परंतु या बालकांमध्ये गंभीर जंतुसंसर्गाचे व अर्भकमृत्यूचे प्रमाण इतर बालकांपेक्षा अधिक असल्याचे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. सरकारी तक्त्यात मात्र हे मूल ‘निगेटिव्ह’ या रकान्यात जाते आणि त्याची फाइल बंद होते. त्याची आई आजारी असते, घरात मिळवते हात कमी झालेले असतात, दुधाचा प्रश्न अवघड झालेला असतो. जीवशास्त्राने दिलेला आघात कोठे संपतो आणि दारिद्र्याने दिलेला कोठे सुरू होतो, हे वेगळे काढणे शास्त्रज्ञांनाही सोपे गेलेले नाही. या दोहोंवर एकच उपाय वारंवार सिद्ध झाला आहे. मातेला लवकर, शक्यतो गर्भधारणेपूर्वीच पूर्ण उपचार मिळाले तर बालकही सुदृढ निघते. गर्भधारणेपूर्वीपासून उपचार चालू असलेल्या मातांच्या बालकांना गंभीर संसर्गामुळे रुग्णालयात दाखल करण्याची वेळ कमी येते, हे बेल्जियममधील अभ्यासात दिसून आले आहे.

सारांश, गर्भाच्या संरक्षणाचा मार्ग मातेच्या आरोग्यातून जातो. इतकी साधी गोष्ट मान्य होण्यास वीस वर्षे लागली, हा या विषयाचा खरा लज्जास्पद भाग आहे.

झिडोव्हुडिन हे औषध गर्भारपणात, प्रसूतीत व नंतर बाळाला दिल्यास संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर येते, हे अमेरिका व फ्रान्समधील चाचणीने १९९४ साली सिद्ध केले. श्रीमंत देशांतील मातांना हा उपचार तत्काळ मिळू लागला. गरीब देशांतील मातांसाठी मात्र स्वस्त व अल्पमुदतीच्या उपचाराच्या चाचण्या सुरू झाल्या आणि त्यांपैकी अनेक चाचण्यांत निम्म्या स्त्रियांना औषधाऐवजी परिणामशून्य गोळी देण्यात आली. जे औषध गुणकारी ठरले आहे, ते माहीत असून नाकारण्याचा हा प्रकार १९९७ साली अमेरिकेतीलच डॉक्टरांनी चव्हाट्यावर आणला. ‘तेथे अन्यथा काहीच मिळत नाही’ असे समर्थन त्यावर करण्यात आले. दारिद्र्य हेच दारिद्र्याचे समर्थन ठरविणारा हा युक्तिवाद कामगार चळवळीला अपरिचित नाही.

युगांडातील चाचणीने १९९९ साली दाखविले की नेव्हिरापिनची एक गोळी आईला कळा सुरू झाल्यावर आणि एक मात्रा बाळाला जन्मानंतर दिली, तर झिडोव्हुडिनच्या अल्प उपचाराच्या तुलनेत संसर्ग जवळजवळ निम्म्याने घटतो. औषध स्वस्त, वापरण्यास सोपे. उत्पादक कंपनीने ते विकसनशील देशांना पाच वर्षे मोफत देऊ केले. तरीही थाबो म्बेकी यांच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेत ते प्रत्येक प्रांतातील दोन प्रायोगिक केंद्रांपुरते मर्यादित ठेवले. एड्सचे कारण एचआयव्हीच आहे का, याविषयी खुद्द राष्ट्राध्यक्ष शंका घेत होते. वर्णभेदाविरुद्ध लढून सत्तेवर आलेल्या पक्षाच्या सरकारविरुद्ध न्यायालयात जाण्याची वेळ ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या जनसंघटनेवर आली. ५ जुलै २००२ रोजी घटनापीठाने आरोग्यसेवेच्या घटनात्मक हक्काचा आधार घेऊन हे औषध सर्व सरकारी रुग्णालयांत उपलब्ध करण्याचा आदेश दिला. म्बेकींच्या धोरणापायी सुमारे ३५ हजार बालके टाळता येण्याजोग्या संसर्गासह जन्मली आणि ३ लाख ३० हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी २००८ साली मांडला. पुरोगामी वारसा सांगणारे सरकार शास्त्राकडे पाठ फिरवील तर त्याची किंमत कोणाच्या उदरातून वसूल होते, याचा हा धडा समाजवाद्यांनी कधीही विसरू नये.

त्या एका गोळीचीही दुसरी बाजू होती. एकाच मात्रेने अनेक मातांच्या शरीरातील विषाणू त्या औषधाला दाद देईनासा झाला. पुढे त्याच गटातील औषधांनी स्वतःचा उपचार करून घेण्याची वेळ आली, तेव्हा लगतच्या काळात ते औषध त्यांच्यावर कमी प्रभावी ठरले. बाळ वाचविण्याचे साधन म्हणून मातेचा उपयोग झाला आणि तिच्या उपचाराची वाट त्यात अरुंद झाली. ॲलन रोझनफील्ड व डेबोरा मेन या दोघांनी १९८५ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रश्न विचारला होता, की माता-बाल आरोग्याच्या कार्यक्रमांत माता कोठे आहे? एचआयव्हीच्या बाबतीत त्याचे उत्तर आफ्रिकेतील मलावी या अत्यंत गरीब देशाने २०११ साली दिले. बाधित गर्भवती स्त्री आढळली की तिला तत्काळ आणि आजन्म पूर्ण उपचार, असे धोरण त्याने प्रथम अंगीकारले. जगाने ते नंतर स्वीकारले. क्यूबाने तर सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या बळावर मातेकडून बालकाकडे जाणारा एचआयव्ही व उपदंश यांचे निर्मूलन साधले आणि जागतिक आरोग्य संघटनेने ३० जून २०१५ रोजी त्यास मान्यता दिली. असा मान मिळविणारा तो पहिला देश. आर्थिक नाकेबंदी सोसणाऱ्या छोट्या बेटाला जे जमले, ते पैशाअभावी जमत नाही असे कोणत्या सरकारने सांगावे?

दुधाच्या प्रश्नातही हेच वर्गवास्तव उमटले. श्रीमंत देशांनी बाधित मातांना स्तनपान वर्ज्य करावयास सांगितले, कारण तेथे स्वच्छ पाणी व पावडरचे दूध हाताशी होते. तोच सल्ला गरिबांना देण्यात आला तेव्हा काय झाले, हे २००६ साली बोट्स्वानात दिसले. मोठ्या पावसानंतर अतिसाराची साथ आली आणि सरकारकडून मिळणाऱ्या पावडरच्या दुधावर वाढणारी बालके मोठ्या संख्येने दगावली. दरम्यान डर्बनमधील संशोधनाने १९९९ सालीच दाखविले होते की निव्वळ अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या बाळांना, अंगावरचे व वरचे दूध असे मिश्र अन्न मिळणाऱ्या बाळांपेक्षा संसर्ग कमी होतो. आज मातेचे औषध अखंड चालू असेल तर तिने अंगावर पाजावे, पहिले सहा महिने दुसरे काही देऊ नये, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. अर्थात ‘औषध अखंड चालू असेल तर’ या अटीवरच सारे अवलंबून आहे.

औषध गरिबांच्या आवाक्यात येण्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला वर्षाकाठी दहा ते पंधरा हजार डॉलर पडत असताना मुंबईच्या सिप्ला कंपनीने फेब्रुवारी २००१ मध्ये तो ३५० डॉलरांत देऊ केला. हे शक्य झाले ते १९७० च्या भारतीय पेटंट कायद्यामुळे. औषधाच्या उत्पादनाला पेटंट नाकारून केवळ प्रक्रियेला ते देणारा हा कायदा म्हणजे बहुराष्ट्रीय मक्तेदारीविरुद्ध या देशाने उभारलेली तटबंदी होती. जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ साली तिला खिंडार पडले. नव्या औषधांच्या किमती यापुढे कोण ठरविणार, हा प्रश्न त्यामुळे प्रसूतिगृहाच्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे.

खुद्द भारताचे चित्र काय आहे? पुण्यातील संशोधकांनी १९९७ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या व वेश्याव्यवसायात नसलेल्या स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची बाधा होती आणि त्यांपैकी बहुतेक विवाहित, एकनिष्ठ होत्या. पातिव्रत्य हे संरक्षण ठरले नव्हते, कारण शरीरसंबंधांच्या अटी ठरविण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. अशा स्त्रीला आपल्या बाधेचे ज्ञान बहुधा पहिल्या गर्भारपणीच्या तपासणीत होते. पतीची तपासणी त्यानंतर होते. पण दोष पहिल्यांदा जिचा कागद आला तिच्या माथी मारला जातो आणि माहेरी पाठवणी होते ती तिचीच.

सरकारी धोरणाने या काळात मजल मारली हे मान्य केले पाहिजे. नेव्हिरापिनच्या एका मात्रेवरून देश १ जानेवारी २०१४ पासून गर्भवतींना आजन्म उपचार देण्याच्या धोरणावर आला. २०१७ साली संमत झालेला एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्याने भेदभावाला बंदी केली व तपासणीपूर्वी संमती आवश्यक ठरविली. पण त्याच कायद्यात औषधोपचार पुरविण्याच्या शासकीय कर्तव्यापुढे ‘शक्य असेल तितके’ अशा अर्थाचे शब्द घालून ठेवले आहेत. या शब्दांची किंमत किती, ते २०२२ साली उमगले. औषधांचा तुटवडा पडल्यामुळे बाधितांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यालयासमोर महिनाभराहून अधिक काळ धरणे धरावे लागले. देशात सुमारे पंचवीस लाख बाधित आहेत आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्रात आहे. येथे औषधाचा एक महिन्याचा खंड म्हणजे कोणत्या तरी मातेच्या रक्तात विषाणूचे पुन्हा डोके वर काढणे होय.

ऊसतोडीला जाणारी स्त्री गावी नाव नोंदवते आणि सहा महिने दुसऱ्या जिल्ह्यात राबते. वीटभट्टीवर, बांधकामावर काम करणारीचे तेच. तपासणी एका गावी, औषध दुसऱ्या गावी, प्रसूती तिसऱ्याच ठिकाणी, अशी तिची फरफट होते. बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांनी व्हावयाची असते. नेहमीची रक्तचाचणी तेव्हा उपयोगी पडत नाही, कारण आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. विषाणूचाच शोध घेणारी चाचणी लागते. ही वेळ हुकली आणि बाळ बाधित असले, तर उपचारांविना अशा बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश बालके पहिल्या वर्षातच दगावतात. उलट लवकर उपचार सुरू केल्यास हे मृत्यू ७६ टक्क्यांनी घटतात, हे दक्षिण आफ्रिकेतील चाचणीने २००८ साली सिद्ध केले आहे. एवढे अंतर एका वेळेवर केलेल्या चाचणीचे आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे डॉक्टरांचा विषय म्हणून पाहू नये. आपल्या तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात गर्भवतींची तपासणी संमतीने व गुप्तता राखून होते का, औषधांचा तीन महिन्यांचा साठा असतो का, स्थलांतर करणाऱ्या मातेचे औषध तिच्याबरोबर जाते का, हे विचारणे त्यांचे काम आहे. बाधित असल्याचे कळताच प्रसूती नाकारणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध कायद्याचा आधार घेऊन उभे राहणे हे त्यांचे काम आहे. तपासणीत ‘निगेटिव्ह’ ठरलेल्या बालकाचे लसीकरण, वजन व वाढ यांवर किमान दोन वर्षे लक्ष ठेवण्याची व्यवस्था मागितली पाहिजे. घरोघर हे लक्ष ठेवणाऱ्या आशा व अंगणवाडी सेविकांना मानधनाच्या तुकड्यांवर राबविणे थांबवून कामगाराचा दर्जा व वेतन द्यावे, ही मागणी याच लढ्याचा भाग आहे.

२०२३ या एका वर्षात जगात सुमारे १ लाख २० हजार बालकांना एचआयव्हीचा नव्याने संसर्ग झाला. बहुतेकांना तो मातेकडूनच झाला आणि तो रोखण्याचे ज्ञान तीस वर्षे उपलब्ध होते. औषध आहे, चाचणी आहे, लसही आहे. या गोष्टी कोणाच्या मर्जीवर अवलंबून ठेवावयाच्या, एवढाच प्रश्न उरला आहे. परदेशी दात्याची सही असो वा स्वदेशी कायद्यातील ‘शक्य असेल तितके’ असो, मर्जीवर चालणारी आरोग्यसेवा मर्जी फिरली की बंद पडते. हक्काने मिळणारी आरोग्यसेवा मात्र बंद पाडावयाची तर लोकांशी लढावे लागते. तशी ती हक्काची करून घेणे, हेच येत्या काळातील काम होय.